जनार्दनच्या मशीनमधला माझा सूर

२०२४ साल, आणि जनार्दन सत्तर वर्षांचा होता. दुपारी मी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. त्याच्या मोठ्या मुलाचा फोन आला, "काका, बाबा गेले." मी विचारलं, "घरी कधी आनताय?" एवढंच बोललो. बायको म्हणाली, "अवो, रडा तरी." मी रडलो नाही. आता काही आठवडे गेलेत. तोच मुलगा येऊन म्हणाला, काका, पेपरच्या पुरवणीत बाबांवर चार ओळी लिहा, जन्मभर तुम्हीच त्यांच्या शेजारी बसलात. बसलो हे खरं. पण चार ओळींत ते मावणार नाही, आणि गोड तर अजिबात होणार नाही. माझी शाळा तिसरीपर्यंतची. जसं झालं तसं लिहितो.

जनार्दन माझा चुलतभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा. आमचं गाव बोळिंजच्या पुढं, खाडीच्या अंगाला. देवळात पहाटे सनई वाजवून देवाला उठवायचा मान आमच्या घराचा. सनईला दोन माणसं लागतात. एक वाजवतो, दुसरा त्याच्यामागं सूर धरतो... एकच सूर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ज्या वाद्यावर तो धरायचा त्यालाही सूरच म्हणतात. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा आणि फुंक तुटू द्यायची नाही. लहानपणी चुलत्यांनी आम्हा दोघांच्या हातात सनई दिली, थोडे दिवस ऐकलं आणि माझ्या हातातली काढून घेतली. "गोपाळ, तू सूर धर. जनार्दन वाजवंल." मोठा मी, आणि धाकट्याच्या मागं बसायचं. बसलो. लग्नं, हळदी, पालख्या, देऊळ, सगळीकडं त्याच्या मागं बसलो. लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे, आणि तो मागं वळून मला म्हणायचा, "दादा, आज मधी हाललास." शाबासकी त्याची, चूक माझी, अशी वाटणी आयुष्यभर चालली. पण त्यानं वाजवलेला भूप ऐकून माझ्याच अंगावर काटा यायचा, हेही लिहून ठेवतो. वाजवणारा तो मोठाच होता. माणूस म्हणून तिखट होता, आणि ते तिखट त्यानं सगळं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

तो आयटीआय शिकलेला. फुलपाड्यात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, कर्णेही भाड्यानं द्यायचा. कोविडमध्ये तो मरता मरता वाचला, पण छाती गेली. जिना चढला तरी भिंत धरायचा. सनई तोंडाला लावली की खोकला. तो मोडेल असं मला वाटलं होतं. तो मोडला नाही, त्यानं कुठूनसं एक मशीन आणलं. सिंथेसायझर. पाटावर मावेल एवढं, पट्ट्या पोरांच्या खेळण्यातल्या पेटीसारख्या बारीक. मी म्हटलं, "जना, ह्याच्यात तुझी बोटं मावतील का?" म्हणाला, "बोटं मावतील. तू मावतोस का ते बघायचंय." मला तेव्हा काही कळलं नाही.

एका दुपारी त्यानं मला दुकानात बोलावलं. शटर खाली ओढून आतून गोधडी लावली, माझ्यापुढं माइक ठेवला आणि म्हणाला, फुंक. मी सूर धरला. थांब म्हणाला. पुन्हा धरला. पुन्हा थांब. "दादा, श्वास घेतोस तिथं सूर वाकतो. किती वर्सं सांगतोय."

"मंग काय मेल्यासारका फुकू?"

"मेलेला बरा. हालत तरी नाय."

हसलो दोघंही. अशी दोन-तीन दिवस त्यानं माझी फुंक घेतली. मग कॉम्प्युटरवर दाखवलं. सूर म्हणजे एकच लाट, पुन्हा पुन्हा येणारी. त्यातली एक लाट तो कापून घ्यायचा, नखाएवढी. फुंक सुरू होतानाची एक, भरात आलेली एक, श्वास घेताना वाकलेली एक. अशा पुष्कळ लाटा पत्त्यांच्या कॅटासारख्या ओळीनं लावायच्या आणि मशीनमध्ये घालायच्या. ह्याला वेव्हटेबल म्हणतात. गोल बटण फिरवलं की मशीन एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकतं आणि आवाज जिवंत माणसासारखा फुगतो, बसतो. मी विचारलं, "तुझ्या सनईच्या लाटा का नाय घेत?" त्याच्या जुन्या कॅसेटी होत्या, पण त्यांत संबळ, माणसं, कर्ण्याची घरघर. नवीन फुंकायला छाती नाही. कोरा सूर एकट्या माझ्याकडं होता. एका सुरातून वरचे-खालचे सगळे सूर मशीन काढतं. म्हणजे गाणंही माझ्याच फुंकीचं. ज्या माणसाला जन्मात एका सुरापलीकडं जाऊ दिलं नाही, त्याच्या श्वासावर त्यानं अख्खा भूप वाजवला... माझ्यासमोर, स्टुलावर बसून.

काम मात्र त्यानं सोन्यासारखं केलं. आमची सनई हातानं भोकं पाडलेली, तिचा गंधार बाजारातल्या पेटीशी जुळत नाही. त्यानं एकेक पट्टी वर-खाली करून सनईला जुळवली. जे सूर आमच्या सनईत नाहीत त्यांच्या पट्ट्या मुक्या केल्या, बोट पडलं तरी आवाज नाही. डावीकडच्या पट्ट्यांवर नुसता धरलेला सूर, उजवीकडं गाणं. पट्टी दाबून वर आणखी जोर दिला की फुंक वाढावी, असं बसवलं. दुकानातली दुरुस्तीची कामं पडून राहायची, गिऱ्हाईक शिव्या घालून जायचं, हा पट्ट्या जुळवत बसलेला.

मशीन तयार झालं त्या पहाटे मी नेहमीसारखा सूर पिशवीत घालून देवळात गेलो. माझ्या जागेवर मशीनचं स्टँड होतं. जनार्दन म्हणाला, "दादा, तू झोप आता घरी. थंडीचा कशाला उठतोस? तू हितंच हायेस." आणि मशीनवर टिचकी मारली. चार माणसं हसली.

मी म्हटलं, "मला इचारलंस?"

"काय इचारायचं? श्वास एकदा सोडला की हवा झाली. हवा कोनाच्या बापाची?"

त्या दिवसापासून मी देवळात वाजवायला बसलो नाही. पहाटे अंथरुणात पडून कर्ण्यावर स्वतःला ऐकायचो. खोटं कशाला बोलू, मशीन माझ्यापेक्षा बरं वाजत होतं. बायको म्हणायची, "तुमी हितं घोरताय आनि देवलात पन तुमीच." कोणी भेटलं की म्हणायचं, जनार्दनचा आवाज काय गोड आहे मशीनमधला! मी म्हणायचो, आवाज माझा आहे. लोकांना वाटायचं म्हातारा जळतोय. जळत होतोच. पण आवाज माझाच होता.

एकदा चंदनसारला नात्यातली हळद होती. अंगण भरलेलं, नवरीला हळद लागतेय, जनार्दन वाजवतोय आणि लाइट गेली. मशीन बॅटरीवर, त्याचे दिवे चालू, पण कर्णे मुके. त्याची बोटं पट्ट्यांवर चालूच होती, आवाज नाही. तसं त्याला पाहून मला बरं वाटलं. नवरीचा बाप माझ्याकडं आला, "नाना, तुमच्या पिशवीत सूर असतो ना?" होता. मी म्हटलं, "त्यालाच इचारा, मी त्या मशीनमधी हाय." जनार्दननं ऐकलं. बायका आपल्या तोंडानं गायल्या आणि हळद उरकली. त्यावर मला पुष्कळांनी नावं ठेवली. ठेवा. परत तशी लाइट गेली तर परत तेच करीन.

मग त्याची छाती पुरती बसली. दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवला. मशीन देवळातच राहिलं. गुरवबुवांना त्यानं शिकवून ठेवलं होतं, हे बटण, ही पट्टी, हे दाबलं की सूर धरून राहतो. गाणं वाजवायला कोणी नाही, म्हणून त्या दिवसांत पहाटे नुसता सूर वाजायचा. मी जिवंत, घरापासून देऊळ हाकेवर, पण मला कोणी बोलवायला आलं नाही. न बोलावता जाणारा मी नव्हे.

भेटायला मात्र गेलो. तोंडावर मास्क, हाताची नुसती काडी झालेली. मला बघून त्यानं मास्क थोडा उचलला. मला वाटलं आता काही बोलेल... इतक्या वर्षांचं काही. म्हणाला, "देवलात सूर चालू हाय ना?"

मी म्हटलं, "चालू हाय. माझा."

त्यानं मान हलवली. "माझा," म्हणाला, आणि मास्क खाली सोडला. त्याच्या तोंडून मी ऐकलेला शेवटचा शब्द तोच.

तो गेला त्याच दिवशी संध्याकाळी त्याला पोचवून आलो. आमची एकच भावकी, सुतक सगळ्या घराला. सुतकात देवळाची पायरी चढायची नाही, वाजवायचं तर नाहीच. दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागाच होतो. कर्णा खरखरला आणि सूर सुरू झाला.

मी उठलो, डोक्याला पंचा गुंडाळला आणि देवळाकडं गेलो. पायरीच्या खाली थांबून हाक मारली, "गुरवबुवा, बंद करा ते."

बुवा बाहेर आले. "काय झालं, नाना?"

"सुतक हाय."

"तुमाला हाय. म्हनून तर तुमच्या घरात कोनाला वाजवायला सांगितलं नाय. मशीनला कसलं सुतक?"

"त्याच्यात फुकतोय कोन?"

बुवांनी मागं वळून मशीनकडं पाहिलं. "जनार्दनभाऊंनी बनवलंय ना ते..."

"बनवलंय त्यानं. फुकतोय मी. आनि मी मेलेल्याचा भाऊ हाय. माझा श्वास सुतकात देवापुढं चालनार नाय."

बुवा कमिटीला विचारतो म्हणाले. मी म्हटलं, कमिटीला विचारा, देवाला विचारा, तोवर आधी बंद करा. मग ते आत गेले. सूर मध्येच तुटला. इतक्या वर्षांत मी तो कधी तुटू दिला नव्हता. आजूबाजूच्या बिल्डिंगमधून कोणी खिडकी उघडून पाहिलं, कुत्री भुंकली, आणि मग काहीच नाही. परत कोणी बटण दाबू नये म्हणून ऊन पायरीवर येईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.