तीन दिवसांचा आठवडा

आमच्या शिरोलीच्या फौंड्रीतला हजेरी क्लार्क भलत्याच मोठ्यानं बोलतो. मी शेजारच्या दवाखान्याच्या खोलीत नर्स म्हणून बसते, मधलं दार उघडंच असतं. हिशेब करताना तो बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवतो. कुणी मध्ये बोललं की "थांबा की पावणं!" म्हणून ओरडतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजतो. मला त्याचा वैतागच यायचा.

गेल्या महिन्यात कॅन्टीनच्या मावशी रजा मागायला आल्या. त्या आठवड्यातून तीनच दिवस कामाला येतात. गगनबावड्याला दिलेल्या लेकीचं दुसरं बाळंतपण होतं. मॅनेजर साहेब म्हणाले, "पार्टटाइमला कसली रजा? जायचं तर काम सोडून जा." मावशी डोळे पुसत बाहेर आल्या.

क्लार्कनं त्यांना स्टुलावर बसवलं, वर्षभराची हजेरी काढली आणि तासभर पेरं मोजून सरळ केबिनमध्ये गेला.

"साहेब, काम तीन दिवसांचं, तर रजा बी त्याच मापानं. कमी हाय, पर हाय की! नऊ दिवस बसत्यात."

साहेबांनी हजेरी दोनदा पाहिली आणि रजेच्या अर्जावर सही केली.

क्लार्क अर्ज घेऊन बाहेर आला, तरी मावशींचं तोंड उतरलेलंच. "नऊ दिवसात काय हुतंय, बाबा?"

"अवं मावशी, तुमचा आठवडाच तीन दिवसांचा. नऊ दिवस म्हंजे तीन आठवडे!"

मावशींनी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजून घेतलं.

"मग बारसं करूनच येतो की!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या, की साहेब केबिनमधनं डोकावले.