गोडाऊन बघून आलो

आमच्या ह्यांना, म्हणजे दशरथ खोब्रागडे या चार्टर्ड अकाउंटंटना, पुण्यात काय कमावलंत असं विचारलं तर ते 'मित्र' म्हणून सांगतील. काय गमावलंत असं कुणी मला विचारलं, तर माझंही उत्तर मित्रांपासूनच सुरू होईल.

हे भंडाऱ्याहून शिकायला आले तेव्हा त्यांना खोली मिळेना. आडनाव सांगेपर्यंत ती रिकामी असायची. एकाच साहेबांकडे काम शिकणाऱ्या हिंदुराव जगदाळ्यांनी मंडईजवळच्या आपल्या खोलीत ह्यांची वळकटी ठेवून घेतली आणि भाड्याचं कधी नाव काढलं नाही. ते उपकार मीही विसरलेले नाही. पण उपकार फेडायला माणसाने स्वतःची सही वापरावी का, एवढाच माझा प्रश्न आहे.

पुढे दोघांनी आपापली ऑफिसं थाटली. मार्चअखेर आली की ऑडिटरांची धांदल उडते. ज्या कंपनीचे हिशेब तपासायचे, तिच्या गोडाऊनमध्ये माल खरोखर आहे ना, हे जाऊन बघावं लागतं आणि सगळ्यांचे दिवस तेच. त्यात कारखाने शहराबाहेर लांब लांब गेले. मग मित्रांनी तोड काढली. 'कात्रजकडचं माझं तू बघ, हिंजवडीकडचं तुझं मी बघतो.' फोनवर 'बघून आलो, ठीक आहे' असं एकाने सांगितलं की दुसरा सही करणार. हे खरंच जायचे. भर उन्हात स्कूटरवरून, आणि धुळीने माखून परत यायचे. हिंदुराव जातात का, असं मी एकदा विचारलं.

"मित्राला असं विचारायचं असतं का?"

"ऑफिसातल्या पोराकडे रिक्षाची पावती मागता ना?"

"तो मित्र नाही."

कपाळ माझं! मी पोळ्या लाटायला गेले.

दोन हजार एक साली आमच्या मुलीला, पूर्वाला, हिंजवडीत नोकरी लागली. ऑफिस बाहेरून तरी बघाच, म्हणून ती एका रविवारी आम्हाला घेऊन गेली. चकचकीत काचांची इमारत. मी कौतुकाने वर बघत होते आणि हे रस्त्यापलीकडच्या जुन्या विहिरीकडे बघत उभे होते.

"राधा, ह्या विहिरीसमोर, इथेच गोडाऊन होतं. माझ्या पाइपवाल्या कंपनीचं. पहिल्या वर्षी मी स्वतः येऊन गेलोय."

गेटवरचा वॉचमन गावातलाच होता. तो म्हणाला, "व्हतं की. पाडून दोन वर्सं झाली. जागा इकून मालक कवाच ग्येला."

त्या दोन्ही वर्षी गोडाऊन पाइपांनी भरलेलं आहे, अशा कागदावर ह्यांची सही होती. बँकेने त्या सहीवर कंपनीला कर्ज दिलं होतं. पूर्वा कँटीनबद्दल काहीतरी सांगत होती, पण हे ऐकतच नव्हते.

घरी आल्याबरोबर ह्यांनी फोन लावला. हिंदुरावांना लाज वाटली म्हणाल, तर नाव नको. "अरे, मी समाधानला जायला सांगितलं होतं." समाधान म्हणजे त्यांच्या कंपूतले तिसरे. त्यांनी कंपनीच्या मॅनेजरला फोनवर विचारून काम उरकलं होतं. का, तर दशरथची कंपनी म्हणजे चोखच असणार! ह्यांच्या प्रामाणिकपणावर भिस्त ठेवून तो गृहस्थ घरी बसला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हिंदुरावांनी वर उपायही सुचवला. "यंदा माल विकला असं कंपनीवाले दाखवतील. आपल्यातलं आपल्यात मिटव."

दोन दिवस हे जुन्या फायली काढून बसले. शेवटी ह्यांनी बँकेला लिहून कळवलं, की मी माल न बघता सही केली. 'मी.' हिंदुरावांचं नाव कुठेच नाही. कंपनीचं काम सोडलं. ह्यांचीच चौकशी लागली, हातची बाकीची कामंही एकेक करून गेली. त्या 'मी'वरून मी इतकी भांडले, की पूर्वा रडायला लागली. हे एवढंच म्हणाले, "न बघता सही मीच केली ना?" ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

ऑडिटरांमध्ये एक रीत आहे. दुसऱ्याने सोडलेलं काम घेण्याआधी नव्याने जुन्याला विचारायचं, तुमची काही हरकत आहे का? ह्या मंडळींत ते नावापुरतंच. 'नाही' हे उत्तर प्रश्नाआधीच तयार.

त्या श्रावणात हिंदुरावांचा फोन आला. मी शेजारीच होते, त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "दशरथ, ती पाइपवाली कंपनी माझ्याकडे आलीय. तुझी काही हरकत नाही ना?"

ह्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "आहे."

पलीकडे हिंदुराव हसले. "चेष्टा करतोस?"

"नाही. लेखी कळवतो."

ह्यांनी फोन ठेवला. इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं, पण ऐकल्यावर आनंद काही झाला नाही. मी ह्यांचा हात धरून नुसती बसून राहिले.

पत्र त्याच दिवशी गेलं. आठवड्याभरात कंपनीने हिंदुरावांना नेमलं. नियमाप्रमाणे फक्त विचारावं लागतं, आणि त्यांनी विचारलं होतं.