नाल्यापर्यंत पोचलेला निरोप

शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि मुख्याध्यापकांचा मला फोन आला. मी यवतमाळला सरकारी कचेरीत नोकरी करतो, बी.ए. आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. हे मी कुठंही सांगतो, त्यात लाजायचं काय?

मुख्याध्यापक म्हणाले, "तुमच्या दहावीच्या बॅचचे जे गेले, त्यांचं तुम्ही लिहून द्या. नाव, शिक्षण, व्यवसाय आणि दोन ओळी. तुमची भाषा चांगली आहे."

गेलेले तिघं. नावं स्मरणिकेत छापून आली आहेत, इथं परत लिहीत नाही.

पहिला वणीकडे कोळशाच्या ट्रकवर होता. मी त्याच्या व्यवसायात लिहिलं, 'कोळसा वाहतूक क्षेत्रात कार्यरत.' चांगलं वाटावं म्हणून त्याच्या भावाला फोनवर वाचून दाखवलं. त्यानं मला मधेच थांबवलं.

"क्षेत्रात नाही ना भाऊ, ट्रकवर होता. ड्रायव्हर होता. भरली गाडी रिव्हर्समधी अशी लावे का बाकीचे ड्रायव्हर चहा सोडून पाहत. ते लिहा."

मी खोडलं आणि ते लिहिलं. एका ओळीत तो माणूस डोळ्यांपुढं उभा राहिला. मग वाटलं, तीसेक वर्षं अर्जांवर शेरे मारून माझी भाषा चांगली झाली का नुसती गुळगुळीत?

दुसरा माझ्या बाकावरचा. एसटी स्टँडजवळ त्याच्या अब्बाचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं, दहावीनंतर हाच ते चालवू लागला. गाडी लांबून येतानाच ओळखायचा की चेन सैल आहे. मी गावी गेलो की त्याच्या दुकानासमोरून जावंच लागायचं, आणि गिऱ्हाइकांसमोर तो ओरडायचा, "क्या पहिला नंबर! गाडीचा प्लग साफ करून देऊ का डोक्याचा?" सगळे हसायचे, मीही हसायचो. तो मला 'पहिला नंबर' का म्हणतो हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. मातीला जाता आलं नाही. बातमी आली त्या दिवशी मी घरात बसून रडलो. रडून झाल्यावर तोंड धुताना मनात आलं, आता हे 'पहिला नंबर'चं माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. आणि मला हलकं वाटलं. मित्र गेल्याच्या दिवशी. हे लिहिताना जड जातं, पण झालं ते असं झालं.

आता तिसरी.

ती तांड्यावरची. गावापासून चार किलोमीटर, मधे एक नाला. आठवीपर्यंत तिच्यासोबत दोन पोरी यायच्या, नंतर ती एकटीच. पाचवी ते नववी दर वर्षी ती पहिली आणि मी दुसरा. सर फळ्यावर आकृती काढायचे आणि ती मागून हळूच म्हणायची, "सर, कोन उलटा झाला." सर पुसायचे. मला तर तो उलटा झालेला दिसलेलाच नसायचा. बाप विचारायचा, "त्या पोरीले जमते, तुले काहून नाही जमत?"

दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. बोर्डाचे फॉर्म भरायचे दिवस होते. सरांनी मला बोलावलं, कारण सायकल माझ्याकडं होती. "तांड्यावर जाय. तिच्या बापाले सांग, शनिवारच्या आत फॉर्मवर सह्या करून जा म्हणा. नाहीतर पोरीचं वर्ष जाते."

मी माझ्या बाकावरच्याला, त्या मेकॅनिकला, डबलसीट घेतलं. नाल्याअलीकडच्या टेकाडावर सीताफळं पिकली होती. आम्ही सायकल आडवी टाकली आणि पोट भरेस्तोवर खाल्ली. पलीकडच्या चढावर तांडा दिसत होता. तिचं घर कडेचं, चुन्यानं पांढरं केलेलं. मी तिकडं पाहत बसलो. मग म्हटलं, "चाल, वापस जाऊ."

"अबे, निरोप?"

"कुलूप असन. ऊसतोडीले गेले असतीन."

त्यानं बी थुंकली. माझ्याकडं पाहिलं. "पहिला नंबर फिक्स रे तुहा," तो म्हणाला आणि कॅरिअरवर बसला.

सरांना मी सांगितलं, घराला कुलूप आहे. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. दिवाळीनंतर अर्धा तांडा कारखान्यांकडे जातोच, सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरं काही म्हटलं असतं तर सरांनी चौकशी केली असती. हे मात्र लगेच पटलं. "हे लोक असेच," म्हणाले आणि हजेरीत तिच्या नावापुढं रेघ ओढली.

मी शाळेतून पहिला आलो. ऑफिसच्या व्हरांड्यातल्या फलकावर पिवळ्या रंगात माझं नाव आहे. बापानं जिनिंगमध्ये गूळ-फुटाणे वाटले. पोरगा पहिला आला म्हणून मामानं मला यवतमाळला ठेवून घेतलं, नाहीतर मीही गाठीच उचलल्या असत्या. पदवीसाठी मी रात्रंदिवस घासलो, तिचा मला अभिमान होता आणि आहे. पण ती पदवी ज्या पायरीवरून सुरू झाली, ती पायरी माझी नव्हती.

स्मरणिकेसाठी या वर्षी मी पहिल्यांदा नाला ओलांडला. आता तिथं पूल आहे. पांढऱ्या घरात तिची म्हातारी आई होती आणि तिची मुलगी, विशीतली, तालुक्याला कॉम्प्युटर शिकायला जाणारी. आईच्या वर्गातला म्हटल्यावर मुलीनं खाट टाकली. "बसा मामा." तो 'मामा' मला नीट ऐकवला नाही.

ती दोन वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेली, उसाच्या फडावर, घरापासून लांब. तांड्यातल्या सगळ्यांचे अर्ज तीच लिहायची. फडावरच्या झोपडीतही पोरांना कोळशानं फळीवर अक्षरं काढून द्यायची. मी वही काढून म्हटलं, "व्यवसायात समाजसेविका लिहू?"

मुलगी हसली. "ऊस तोडला तिनं मामा. ऊसतोड कामगार लिहा. समाजसेविका म्हटलं तर इथं कोणी ओळखणार नाही."

तिनं रेशनकार्डाच्या पिशवीतून एक प्रगतीपुस्तक काढलं. नववीचं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं.

मी म्हातारीला विचारलं, "दहावीच्या साली दिवाळीनंतर तुम्ही तोडीले गेलते का?"

"नाही गा. त्या साली हिच्या आज्याचा पाय मोडला. घरीच होतो. पोरगी पाणी आणे, सैपाक करे, बापाचं सारं करे. म्हणे, सरले माहीत हाय मी हुशार हाय, ते कोणाले तरी धाडतीनच. लय दिवस वाट पाह्यली. मंग नाही पाह्यली. उन्हाळ्यात लगन करून देल्लं."

मला तेव्हाच बोलायचं होतं. मी चहा पिऊन उठलो.

घरी येऊन लिहिलं. 'ऊसतोड कामगार. पाचवी ते नववी प्रत्येक वर्गात पहिली. दहावीच्या फॉर्मवर सह्या राहिल्या, कारण शाळेचा निरोप तिच्या घरी पोचला नाही. तो निरोप माझ्याजवळ होता. घराला कुलूप असल्याचं मी खोटं सांगितलं.'

स्मरणिका समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. "साहेब, ही श्रद्धांजली हाय का पोलिसातली जबानी? कार्यक्रमात तुमचाच सत्कार ठेवला हाय, त्या फलकाखाली!"

"मग सत्कार काढा. ते राहू द्या."

स्मरणिका आली. 'प्रत्येक वर्गात पहिली' इथपर्यंत छापलं होतं. पुढं 'अल्प आजाराने निधन.' सत्काराला मी गेलो नाही.

एक प्रत घेतली, तिच्या ओळींखाली राहिलेली तीन वाक्यं पेनानं लिहिली आणि तांड्यावर गेलो. मुलीनं पान काढलं. छापलेलं वाचलं, मग पेनाचं वाचलं. परत वाचलं.

म्हातारीनं विचारलं, "काय लिवलं माह्या पोरीचं?"

मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. ऊसतोड कामगार, पाचवी ते नववी प्रत्येक वर्गात पहिली, आजाराने निधन. तिथं थांबली.

"बस?"

"बस नानी. एवढंच हाय."

म्हातारीनं कागदावरून हात फिरवला, बरोबर त्या पेनाच्या ओळींवरून. "पहिली," ती म्हणाली. "हे चांगलं लिवलं बाबू तू."

मुलगी मला सोडायला पुलापर्यंत आली. वाटेत मी सांगितलं, निरोप घेऊन नाल्याअलीकडच्या टेकाडापर्यंत आलो होतो, सीताफळं खाऊन तिथूनच परत फिरलो. पुलावर उभी राहून तिनं टेकाडाकडं पाहिलं. सीताफळीची दोन-चार झुडपं अजून आहेत.

"तुम्ही तिथं बसले होते?"

"हो."

"तिथून आमचं घर दिसते?"

"दिसते."

"कोणता टाइम होता?"

"शाळा सुटल्यावरचा. दिवस कलला होता."

"म्हणजे चूल पेटली असन," ती म्हणाली. "तेव्हा आईच सैपाक करे. मंग धूर दिसला असन तुम्हाले."

इतक्या वर्षांत मेकॅनिकनंही तो धूर कधी बोलून दाखवला नव्हता, आणि वर टेकाडावरचं लिहिताना मीही तो गाळला.

"दिसला होता," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. पूल ओलांडून रस्त्यापर्यंत मी एकटाच आलो. या वेळी ती मला मामा म्हणाली नव्हती.