मामाजींची हलकी याट

सागवानावर रागावलेला सुतार सगळ्या दुनियेत एकच असेल, आणि तो माझा सख्खा मामा आहे. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या भागात दार असं करतात की ते बसवायला चौघे लागावेत; पाचवा लागला तर घरमालक आणखी खूश. मामाजींनी जन्मभर अशीच दारं केली. मध्ये काही वर्षं नागपुरात एका कारखान्यात फायबरचे कूलर आणि टाक्या बनवल्या, आणि परत आले ते वजनाशी वैर धरूनच. "जड वस्तू कोणीबी बनवते," ते म्हणत, "अक्कल हलकी बनवाले लागते." मग कुणाकडेही गेले की खुर्ची, पलंग, पाट, हाताला येईल ते आधी उचलून पाहायचे आणि यजमानाकडे दयेने बघायचे. एका लग्नात आंदणातलं कपाट एका बाजूने उचलून त्यांनी नवरदेवाच्या बापाला तिथेच सांगितलं, "भाऊ, याच्यात तीन कपाटं होती. दोन वाया गेली." मामींचा पोळपाट त्यांनी इतका हलका करून दिला की पोळी लाटता लाटता तो चुलीपासून दारापर्यंत सरकत जाई. मामी अंगाने चांगल्या भरलेल्या. पोळपाट गुडघ्याने अडवत त्या मला म्हणायच्या, "तुह्या मामाजीनं मलेबी पोखरून हलकं केलं असतं वो, पण मी त्यायच्या रंध्याखाली मावत नाई."

अशा माणसाने म्हातारपणी याट बांधायला घेतली. याट म्हणजे यॉट, हा शब्द त्यांचाच. गाव जहाज म्हणे. बिस्किटांच्या एका जुन्या डब्याच्या झाकणावर साहेब लोकांच्या काळातल्या मोटारबोटीचं चित्र होतं: सरळ उभं नाक, लांबट बुटकी खोली, गोल खिडक्या, पितळी भोंगा. हुबेहूब तीच करायची, पण आतून नव्या जमान्याची. दोन बोटं जाडीचा फोम, त्याच्या दोन्ही अंगांना काचेच्या धाग्याचं कापड, वर चिकट रसायन, आणि सगळ्यांत वर दाखवण्यापुरती सागवानाची कागदासारखी साल. "सागवान आता कसं शहाण्यासारखं वागते पाह्य," ते त्या सालीवर हात फिरवत म्हणाले.

हा सगळा खटाटोप मामींसाठी होता, हे ते मेले तरी कबूल करणार नाहीत. मामींचं माहेर वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात. आमच्या काठावरून तिथली चिंच दिसते, पण पुलावरून फिरून जायचं तर दोन एसट्या बदलून अर्धा दिवस. लहानपणी मामी आणि त्यांची मोठी बहीण ज्या डोंग्यात बसल्या होत्या तो नदीच्या मधोमध उलटला. दोघींना वेण्या धरून बाहेर ओढलं. तेव्हापासून मामी नावेत बसल्या नाहीत. आता बहिणीचे गुडघे गेले, तिचं इकडे येणं संपलं. आणि एसटीच्या धक्क्यांनी मामींची कंबर धरायची. गेली दोन वर्षं दोघी बहिणी फक्त फोनवर भांडत होत्या.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. म्हणून मामाजींनी मापांची वही माझ्यापुढे टाकली. "तू शिकली ना? सांग, तरंगते का बुडते?" मी तीन दिवस बसून आठ माणसांसकट किती पाणी हटेल ते काढलं. "तरंगते," मी सही करून दिलं. इंजिनाचा पंखा कुठे लावायचा, ती रेघही मीच आखली.

पाण्यात सोडायच्या दिवशी अख्खं गाव काठावर. आठ जणांनी याट खांद्यावर घेतली आणि सरळ चालत नदीवर आणली, तिथेच लोकांचा विश्वास उडाला. आमच्याकडे डोंगा बैलांनी ओढतात. "मामाजी, वारा सुटला तं हे पतंगावानी उडन!" एक जण ओरडला. "दोरी बांधून ठेवा!" नारळ फुटला, मामाजी ऐटीत एकटेच चढले, भोंगा वाजवला, इंजिन सुरू केलं. याट जागची हलली नाही. पंखा पाण्याच्या वर हवेत गरगर फिरत होता आणि काठावरच्या सगळ्यांच्या अंगावर तुषार उडवत होता.

हिशोब माझाच. आठ जणांचा. एकट्या माणसाला घेऊन ती बदकासारखी वरच बसली होती. मी ओरडले, "मामाजी, वजन पाहिजे! माणसं बसवा!"

वजन पाहिजे, हे शब्द भाचीच्या तोंडून ऐकून त्यांचा चेहरा पडला. तरी ते म्हणाले, "या ना बाप्पा, बसा."

"आधी चालून दाखवा, मंग बसतो."

"अरे, तुमी बसल्याबिगर चालत नाई!"

"अन चालल्याबिगर आमी बसत नाई!"

असं बराच वेळ चाललं. मामाजींनी इंजिन बंद केलं आणि ते उगीच गोल खिडकीची काच पुसू लागले. ते मी पाहिलं, आणि मामींनीही पाहिलं.

मामी उठल्या. पदर खोचला. "वजनच पायजे न?" त्या म्हणाल्या. "सरका. मी बसतो." गुडघाभर पाण्यात शिरून त्या मागच्या बाजूला चढल्या, डोळे मिटले आणि माझं मनगट धरून मलाही आत ओढलं. याट मागून खाली बसली, पंखा पाण्यात बुडाला, मामाजींनी पुन्हा इंजिन सुरू केलं आणि आम्ही निघालो. काठावर जी बोंब उठली ती पलीकडच्या जिल्ह्यात ऐकू गेली असेल.

मामाजी पुढे सुकाणू धरून ताठ उभे. नदीच्या मध्यावर मामींनी डोळे न उघडता विचारलं, "कुठी आलो जी?"

"अर्ध्यात," ते म्हणाले. मग मागे न बघताच, "बसून राह्य. तुह्यामुळंच चालून राह्यली."

एवढं गोड ते मामींशी बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. मामींची माझ्या मनगटावरची पकड सैल झाली.

पलीकडे वाळूवर खुर्ची टाकून बहीण बसली होती. भोंगा ऐकून तिने घरच्यांना उचलून आणायला लावलं होतं. मामी उतरून तिच्यापाशी गेल्या. बहिणीने मामींच्या डोक्यावरून हात फिरवला, वेणी चाचपली, मग पाठीवरचा पदर मुठीत घेऊन दाबून पाहिला.

"अवं," ती म्हणाली, "कोरडी आली तू."