एका संदेशाचं काम आणि खरात मॅडम

डॉ. रत्नप्रभा खरात यांना मी प्रथम भेटले ती पीएच.डी.च्या मुलाखतीत. सांगलीच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या त्या खोलीत समोर चार परीक्षक होते आणि मी फळ्यावर एक गणित सोडवत होते. अर्ध्यावर आल्यावर चूक लक्षात आली आणि मी घाईघाईनं डस्टर उचललं. ‘पुसू नका,’ मधल्या खुर्चीतल्या बाई म्हणाल्या. ‘कुठं चुकलं ते आपण बघू.’ त्या स्वतः उठून फळ्यापाशी आल्या. मग पंधरावीस मिनिटं ती मुलाखत राहिलीच नाही. बाहेर पडताना मला वाटलं, प्रवेश मिळो न मिळो, आज काहीतरी शिकून चालले आहे. प्रवेश मिळाला, आणि त्या बाई माझ्या मार्गदर्शक झाल्या.

मॅडम मूळच्या वडूजकडच्या. वडील मेंढरं राखायचे, थोरले बंधू आजही राखतात. माहेरी गेल्या की मॅडम पहिल्या तासाभरातच तिकडचं बोलायला लागतात. पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्या सांगलीला का आल्या, असं मी एकदा विचारलं होतं. ‘शिकवायचं होतं, आणि आईच्या जवळ राहायचं होतं,’ एवढंच उत्तर मिळालं.

त्यांच्या संशोधनाविषयी या गौरवग्रंथाच्या सर्वसामान्य वाचकांना थोडं सांगायला हवं. आजचा मोबाईल एकाच वेळी अनेक सेलमधून डेटा घेऊ शकतो. सेल म्हणजे टॉवरनं एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर सांभाळलेलं क्षेत्र. कोणत्या सेलवर, कधी आणि किती डेटा येणार, हे फोनला आधी कळवावं लागतं. प्रत्येक सेलसाठी वेगळी सूचना पाठवली, तर सूचनाच एवढी जागा खातात की खऱ्या डेटाला ती कमी पडते, आणि सगळ्या सूचना ऐकत राहण्यात फोनची बॅटरीही खर्ची पडते. त्याऐवजी एकाच संदेशात सगळ्या सेलचं वेळापत्रक देता येईल का, हा मॅडमचा ध्यास होता. जगभर अनेक जण या प्रश्नामागे लागलेले असताना सांगलीत बसून आपणही त्यात भर घालू शकतो, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

दुसऱ्या वर्षी मला मुलगी झाली. माझे यजमान सैन्यात, त्या वेळी सीमेवर. मी कोरेगावला सासरी होते. काम सोडावं लागणार, असं मी मॅडमना फोनवर सांगितलं. त्यांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि पुढच्या रविवारी एसटीनं थेट आमच्या दारात आल्या.

सासूबाईंनी चहा केला, ऊस कसा आहे नि पाणी कसं आहे हे बोलून झालं. मग त्यांनी सरळ विषय काढला. ‘आवं बाई, तुमचं समदं खरं हाय. पर एवढंसं पोर टाकून सुनेनं सांगलीला जायाचं, हे मला न्हाई पटत.’

‘मलाबी न्हाई पटत, आक्का,’ मॅडम म्हणाल्या. ‘पोर टाकायचं कशाला? संगं आणू दे. तुमीबी चला. माझं घर मोठं हाय, आणि मी एकलीच असते.’

सासूबाईंनी बाहेर म्हशींच्या गोठ्याकडं पाहिलं. ‘आनि हितलं कोण बघणार?’

‘ते तुमचं तुमी ठरवा. मी मागं लागणार न्हाई. पर पोरीचं काम लय चांगलं चाललंय, ते मधीच सुटलं तर मला लय वाईट वाटंल.’

मॅडम संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या जाऊबाईंना म्हशींचं समजावून दिलं आणि स्वतःची पिशवी भरली.

ते वर्षभर आम्ही तिघी मॅडमच्या घरी राहिलो. सकाळी मॅडम लेकीला अंघोळ घालायच्या, सासूबाई भाकऱ्या थापायच्या, आणि आम्ही दोघी स्कूटीवरून कॉलेजला जायचो. आम्ही नेमकं काय करतो, हे सासूबाईंनी एकदा विचारलं. मॅडमनी जेवता जेवता थांबून सगळं समजावून सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘व्हय, पर आमच्या मळ्यात रेंज कवा येणार?’ मॅडम ठसका लागेपर्यंत हसल्या. ‘ते माझ्या हातात न्हाई, आक्का.’

मॅडमच्या स्वभावाची खरी ओळख मला त्याच वर्षी झाली. एक कंपनी आमच्या कामाला मदत करण्याच्या विचारात होती. तिचे अधिकारी पाहणीसाठी येणार होते, आणि माझी शिष्यवृत्ती त्यांच्या होकारावर पुढे चालणार होती. आदल्या दुपारी चाचण्या घेताना मला एक गोष्ट दिसली. सेलच्या कडेला, सिग्नल क्षीण असताना, आमचा लांब संदेश फोनला नीट उलगडत नव्हता. पूर्वी एक सूचना हुकली तर एका सेलचा डेटा जायचा. आता एक संदेश हुकला की सगळ्या सेलचा जात होता.

मी मॅडमना दाखवलं. आमचे विभागप्रमुख तिथंच होते. ते म्हणाले, ‘उद्या फक्त चांगल्या सिग्नलचे निकाल दाखवा. हे नंतर दुरुस्त करता येईल.’ त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांनाही माझी काळजी होती.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. ‘शिष्यवृत्ती तुमची आहे, अर्चना. तुम्ही सांगा.’

मला रडू येत होतं. तरी म्हटलं, ‘दाखवू या, मॅडम.’

‘मग ते मी दाखवते. तुम्ही चांगलं ते दाखवा.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आलेख पाहुण्यांसमोर ठेवला आणि सांगितलं, ‘इथं आम्ही कमी पडलो आहोत.’ पाहुण्यांनी मान हलवली, चहा घेतला आणि ‘कळवतो’ म्हणून गेले. महिनाभर काहीच कळलं नाही, मग नकार आला. शिष्यवृत्ती थांबली. मॅडमनी मला कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं काम मिळवून दिलं, आणि आम्ही पुन्हा मुळापासून बसलो. सर्व सेलसाठी जे सारखं असतं ते एकदाच सांगायचं, वेगळं तेवढंच वेगळं द्यायचं, आणि क्षीण सिग्नलच्या फोनला पूर्वीसारख्या छोट्या सूचना पाठवायच्या, अशी रचना उभी राहिली. सूचनांचा भार पहिल्या रचनेइतका कमी होत नव्हता. पण ती कडेलाही टिकत होती.

त्याच पाहुण्यांपैकी एकांचा पुढच्या वर्षी फोन आला. ‘कमी पडलो म्हणाला होतात, त्याचं पुढं काय झालं?’ आज ती रचना त्यांच्या चाचणी नेटवर्कमध्ये चालते. शोधनिबंधावर माझं नाव पहिलं आहे. मी विरोध केला, तेव्हा ‘काम कोणी केलं?’ एवढंच विचारून मॅडमनी विषय संपवला.

मॅडम रागावतातही. उशिरा येणाऱ्याला त्या वर्गाबाहेर ठेवत नाहीत, पण तास संपेपर्यंत त्याच्याकडंच बघून शिकवतात. लांबलचक ईमेलला त्यांचं उत्तर ‘मुद्दा काय?’ असं असतं. कुपवाडच्या कारखान्यांत काम करून संध्याकाळी शिकायला येणाऱ्या मुलांसाठी मात्र त्या कितीही वेळ थांबतात.

यंदा मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. निवृत्तीनंतर काय, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, की पोहायला शिकायचं आहे, लहानपणी गावात पोहण्याइतकं पाणीच कधी नव्हतं. गेल्या महिन्यापासून त्या तलावावर जातात. परवा मी काठावर उभी होते. त्यांनी कठडा सोडला, चार हात मारले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि पुन्हा कठडा धरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, ‘जमतंय.’

त्यांचं शरीर असंच काटक राहो, श्वास लांब होवो, आणि हा तलाव त्या आडवा पार करतील, मग उभा, मग कितीतरी वर्षं रोज, हे बघायला आम्ही सारे काठावर असू.