साकरवणीच्या सहा वह्या

पनवेलहून पहाटे साडेपाचला निघालो. वाइन कशी बनते ते मला बघायचं होतं, आणि आई गेल्यापासून बाबांना एकटं ठेवत नाही, म्हणून तेही सोबत. बाबांनी आयुष्यभर भात पिकवला, मिठागरात राबले. विमानतळासाठी आमचं गाव उठलं. नव्या प्लॉटवर घर छान झालं, पण तेव्हापासून जुन्या गावाचं नावही त्यांनी काढलेलं नाही. मी विषय काढला की ते उठून गॅलरीत जातात.

कल्याण फाटा सातच्या आत ओलांडा, नाहीतर तिथेच सकाळ जाते. कसारा घाट चढून इगतपुरीला मिसळ खाल्ली आणि नाशिकवरून, दिंडोरीच्या पुढे, साकरवणीला पोहोचलो. फेब्रुवारी, म्हणजे ऐन तोडणी. गाव एवढंसं, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या द्राक्षबागा.

मुक्काम शकुंतलाकाकूंच्या मळ्यात. खोली आणि दोन वेळचं जेवण मिळून दोन हजार. काकू निवृत्त शिक्षिका. त्यांनी बाग दाखवली. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांनी भरलेली.

"इथे आधी भुईमूग. मग खायची द्राक्षं आली," काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी ती उपटून ही लावली, तर सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. दारू पिकवणार का, म्हणे."

"मग?"

"मग पहिल्या तोडणीला कात्री घेऊन सगळ्यांच्या आधी त्याच हजर!"

संध्याकाळी वाइनरीत तीनशे रुपयांत पाच प्रकार चाखले. बाबांनी नुसता वास घेऊन तोंड वाकडं केलं.

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर काकूंनी सहा वह्या आणल्या. साकरवणीचा इतिहास. कुठली विहीर कोणी खणली, पहिला वेल कोणाच्या रानात, कोणतं घर कोणाचं.

बाबांनी पानं उलटली. "गाव तर जाग्यावरच हाय तुमचं. मग लिवता कशाला?"

"गाव आहे हो, पण माणसं कायमची नसतात. पहिल्या विहिरीचं सांगणारे दोघेच उरले होते. आता तेही नाहीत." बाबांच्या मिठागराचं मी आदल्या रात्री त्यांना सांगितलं होतं. मग त्यांनी सहज विचारलं, "मीठ कसं पिकवतात?"

मला वाटलं, बाबा उठून जातील. ते उठलेही, पण अंगणात चपला काढून उभे राहिले. "आदी चिखल तुडवायचा. असा. टाच नाय, पंजा." खाडीचं पाणी कधी घ्यायचं, मीठ कधी ओढायचं, तासभर सांगत होते. काकू लिहीत होत्या. मी रडत होते.

घरी येऊन दीड महिना झाला. तिथून आणलेली वाइनची बाटली अजून फोडलेली नाही. पण दर रविवारी आमच्या हॉलमध्ये जुन्या गावातली चार-पाच म्हातारी माणसं जमतात, आणि लिहायचं काम माझ्याकडे. परवा बाबा आणि त्यांचे एक मित्र देवळामागचं घर कोणाचं होतं, यावरून कडाकडा भांडले. शेवटी करंजाला दिलेल्या आत्याला फोन लावला.

"दोघांनाबी काय म्हाईत नाय," स्पीकरवरून आत्या कडाडली. "पोरी, खोड ते. मी सांगते, लिव."