काकूंना समुद्र लांबूनच दाखवणार?

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

आम्ही जपानमधल्या उरायासुतली तीन कुटुंबं सुट्टीत ग्रीसच्या एका बेटावर जाणार आहोत. किनारे निवडायला आज दुपारी त्यातल्याच निखिलच्या घरी जमलो. या महाशयांनी प्रत्येक किनाऱ्याला गुण देऊन एक्सेल शीट केलं होतं. गुण कशाचे? तर फोटो कसे येतील याचे! पहिला आलेला किनारा थेट कड्याखाली, उतरायला नुसत्या पायऱ्याच पायऱ्या.

पुण्याहून आलेल्या त्याच्या आईही येणार आहेत. त्यांचे गुडघे दुखतात. त्यांनी हळूच विचारलं, "अरे, मला पाण्यात पाय बुडवता येतील असा एखादा नाही का?"

"आई, तू वर कॅफेत बस ना. व्ह्यू मस्त आहे," लॅपटॉपवरून नजरही न उचलता साहेब म्हणाले.

मला चीडच आली.

"काकू, तुम्ही आमच्याबरोबर चला. बसस्टॉपसमोरच सपाट वाळूचा किनारा आहे," मी म्हटलं.

"तिथे सगळे म्हातारे जातात!" निखिल फिस्कन हसला.

"मग मी तिथेच जाणार," काकू म्हणाल्या.

"मीपण आईंबरोबर," त्याची बायको म्हणाली. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

अशा सुपुत्रांना एकच विचारते: आईला एवढ्या लांब नेता ते तिच्यासाठी, की घरी एकटी ठेवता येत नाही म्हणून?